हातची कला सभामंडपात यावी
(ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या कृपेने आणि सर्वांच्या हातभाराने देवळाचे काम तडीस गेले. कोणी रोख रक्कम दिली, कोणी चिरे दिले, कोणी वाशांसाठी आपल्या परड्यातले झाड दिले. त्याचा हिशेब याच स्मरणिकेत पुढे छापलेला आहे, त्यामुळे तो येथे पुन्हा वाचण्याचे कारण नाही. आजचा विषय दिसायला लहान आहे. तो आहे हाताने वस्तू करणाऱ्या माणसांचा, आणि या नव्या सभामंडपाचा.

सभामंडप ऐसपैस झाला. सप्ताह, नवरात्र, जत्रा, शिमगा एवढे दिवस सोडले तर वर्षभर तो रिकामा राहणार. तेथे महिन्यातून एक दिवस गावातल्या हातकामाची बैठक बसावी, ज्याने त्याने आपण केलेली किंवा करीत असलेली वस्तू आणून चार माणसांसमोर ठेवावी, दुसऱ्याची पाहावी, विचारावे, सांगावे, शिकावे, अशी सूचना पुढे आली आहे. काहींना ती पटली. काहींनी मान हलविली. पण ती होकाराची की नकाराची ते कळले नाही. म्हणून या सूचनेमागे काय आहे ते जरा विस्ताराने मांडणे जरूर आहे. आणि त्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सावंतवाडीला, हे घडलेले आहे.

सावंतवाडीचा राजवाडा तिसरे खेमसावंत यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळात उभा राहिला. संस्थानच्या आश्रयाने चितारी मंडळी तेथे नांदली. त्यांची चितारआळी आजही त्याच नावाने ओळखली जाते. चितारी म्हणजे रंगकाम करणारा. पाट, चौरंग, देव्हारा, पाळणा, मुलांची खेळणी, सगळ्यावर त्याचा हात फिरे. मात्र या मंडळींच्या हाताची खरी परीक्षा होई ती गंजिफा करताना.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. आजच्या मुलांना गोल पत्ते म्हटल्यावर हसू येईल. हा खेळ मोगलांबरोबर हिंदुस्थानात पसरला. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात सापडते. मोगली डावात आठ रंग आणि ९६ पाने असत. आपल्याकडच्या लोकांनी तो खेळ घेतला आणि त्यात आपले देव बसविले. दहा अवतारांचे दहा रंग झाले. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा आकड्यांची पाने, मिळून बारा. म्हणजे दशावतारी गंजिफेचा एक जोड १२० पानांचा. मत्स्यावताराच्या पानांवर मासे, कूर्मावताराच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. तिघांनी खेळायचे, चाळीस-चाळीस पाने वाटून घ्यायची. पाच रंगांत दहाचे पान मोठे आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दहाचे पान सर्वांत लहान. खेळ दिवसा बसला तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री बसला तर कृष्णाच्या राजाने. जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक पाहून पहाटे दहीकाला घेऊन घरी परतणाऱ्या आपल्या माणसांना हे पत्ते परके वाटण्याचे काहीच कारण नव्हते. रंगमंचावर जे देव, तेच हातातल्या पानांवर.

आता एका जोडाला लागणारी मेहनत पाहू. दहा राजे आणि दहा प्रधान ही वीस चित्रे. उरलेली शंभर पाने चिन्हांची. एक ते दहापर्यंतची बेरीज ५५. म्हणजे एका रंगात ५५ आणि दहा रंगांत ५५० चिन्हे कुंचल्याने काढावयाची, आणि ती अशी की मागून पाहणाऱ्याला पानापानातला फरक कळता कामा नये. पान तयार करणे हे त्याहून आधीचे काम. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवावयाचे, वाळवावयाचे, गोल कापावयाचे, वर खडूचा लेप द्यावयाचा, गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, मग रंग, मग शेवटी लाखेचा हात, म्हणजे पाण्याचा थेंब पडला तरी पान फुगू नये. चिंचोक्याची खळ घट्ट झाली तर थराला गाठी येतात, पातळ झाली तर थर सुटतात. किती पातळ ते पुस्तकात लिहून भागत नाही. बोटाला लावून पाहावे लागते, आणि ज्याला ठाऊक आहे त्याच्या शेजारी बसून पाहावे लागते.

छापील विलायती धाटणीचे बावन्न पत्ते बाजारात आले. स्वस्त, हलके, हरवले तर हळहळ नाही. गंजिफा खेळणारे कमी झाले, म्हणून करणारे कमी झाले. करणारे कमी झाले, म्हणून खेळणाऱ्यांना जोड मिळेना. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि दरबाराचा आश्रयही पूर्वीसारखा उरला नाही. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत ही विद्या जाणणारे हात बोटांवर मोजण्याइतके राहिले. त्यांतले एक म्हणजे वयोवृद्ध पुंडलिक चितारी.

पुढची गोष्ट सर्वांनी नीट ऐकावी. १९७१ च्या सुमारास सावंतवाडीचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी हे काम मनावर घेतले. सत्वशीलादेवी बडोद्याच्या गायकवाड घराण्यातल्या. त्यांनी पुंडलिक चिताऱ्यांकडून जुने जोड विकत घेऊन कपाटात ठेवले असते तरी लोकांनी त्यांचे कौतुक केले असते. पण त्या उभयतांनी त्यांच्याकडून ती कला स्वतः शिकून घेतली. राजा आणि राणी शिकणारे, चितारी शिकविणारा. आपल्याकडे शिकविणारा नेहमी वरच्या पाटावर बसलेला पाहण्याची सवय आहे. येथे पाट बदलले.

आणि शिकून झाल्यावर ते आपल्यापाशीच ठेवले नाही. राजवाड्याचा दरबार हॉल, जेथे एके काळी मुजरे घडत, तेथे स्थानिक तरुण-तरुणींना बसवून रंग, कुंचला आणि लाखेचे काम सुरू झाले. ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने ते उभे राहिले. आजही तेथे जाणाऱ्याला कारागीर मांडी घालून पान रंगविताना दिसतात. एकाचे पान पुरे होत आलेले, दुसऱ्याचे नुसते रेखाटलेले, तिसऱ्याची रेघ चुकलेली, आणि पाहुणा मधोमध उभा राहून सगळे पाहतो. शिवरामराजे १९९५ साली गेले, सत्वशीलादेवी २०१८ साली गेल्या. काम थांबले नाही. त्याचे कारण एवढेच की ते दोघांच्या हातात राहिले नव्हते, दरबार हॉलमध्ये बसलेल्या बऱ्याच हातांत गेले होते.

सभामंडपाची सूचना करणाऱ्यांच्या मनात आहे ते हेच. एक जागा, जेथे बसण्याला सगळ्यांना मोकळीक आहे. तेथे अर्धवट काम आणायलाही लाज नाही. पुरी झालेली वस्तू पाहून माणूस ‘छान’ म्हणतो आणि पुढे जातो. अर्धी वस्तू पाहून तो ‘हे असे का केले?’ म्हणून विचारतो. शिकणे त्या विचारण्यात आहे.

सावंतवाडीच्या बाजारात फिरताना दिसणारी लाकडी फळे आणि भाज्या सगळ्यांनी पाहिली आहेत. आंबा, केळी, काजूचे बोंड, वांगे, मिरची. परगावचे पाहुणे ती खरी समजून हात घालतात, आणि आपली मुले त्यांना हसतात. त्यासाठी पांगाऱ्यासारखे मऊ आणि हलके लाकूड घेतात. चांगले वाळविलेले नसले तर रंगाखाली भेग येते. लाखकामाचे तंत्र आणखी निराळे. लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर टेकवायची, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला धरते, आणि वरून केवड्याचे पान फिरविले की तकाकी येते. ज्या केवड्याला आपण फक्त गणपतीच्या पूजेत आठवतो, त्याचे पान कारागिराचे हत्यार आहे. आळीतली पोरे शाळेतून येता-जाता हे सगळे उंबऱ्यावर उभी राहून पाहत मोठी झाली. पाहण्याला कोणी फी घेतली नाही. उंबरा उघडा होता, एवढेच.

दुसरे उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीचे. गुढीपूर येथील ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत गाऊन कथा सांगण्याची कला. जोडीला कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या. चित्रांच्या संचाला ते पोथी म्हणतात. नवरात्रात देवळात या कला सादर करण्याची रीत होती, म्हणजे आपल्या देवळांचा आणि त्यांचा संबंध जुना आहे. पोथी जीर्ण झाली की ती पाण्यात सोडून देण्याचीही रीत होती. त्यामागे श्रद्धा होती. पण नवी पोथी काढणारा हात नसेल तर त्या रीतीने शेवटी काय उरले असते, हेही समजून घ्यावे. परशुराम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. नाव ठेवले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’. गोठा सारवून तेथे जुनी चित्रे आणि बाहुल्या मांडल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला, समजावून सांगायला सुरुवात केली. २०२१ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ज्या कलेची मंडळी एके काळी दारोदार फिरत, तिच्यासाठी आता लोक दुरून गोठ्यापर्यंत चालत येतात.

एकीकडे राजवाडा, दुसरीकडे गोठा. दोन टोके झाली. आपल्याकडे राजवाडा नाही, आणि कोणी आपला गोठा लगेच रिकामा करून देईल असेही दिसत नाही. पण सभामंडप आहे, आणि तो सर्वांच्या पैशाने बांधला आहे.

आता आपल्या गावात दाखविण्यासारखे काय आहे, असे काहीजण विचारतात. हा प्रश्न विचारणारे बहुधा सकाळी हिराच्या केरसुणीने झाडलेल्या खळ्यात उभे असतात. केरसुणी बांधणाऱ्या म्हाताऱ्या बाया आहेत. बांबूची सुपे, रोवळ्या, डाली विणणारे आहेत. काथ्याचा सुंभ वळणारे आहेत. पावसात शेतात काम करताना पाठीवर घ्यायचे इरले बनविणारा हात आता शोधावा लागतो. गणपतीची मूर्ती साच्याशिवाय हाताने घडविणारे आहेत. पखवाज मढवून त्याला शाई घालणारे आहेत, दशावतारी नाटकासाठी मुकुट आणि भुजा सजविणारे आहेत. चतुर्थीला घरोघर माटवी बांधली जाते, तिच्यात कोणती फळे आणि कोणती रानफुले कोणत्या क्रमाने बांधावयाची हे आजच्या नव्या सुनेला सांगणारे घरात कोणी असेलच असे नाही. आणि गोधडी. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर घालून, धावदोऱ्याने एकेक ओळ भरत, कडेपासून मध्यापर्यंत जाणारी. गोधडी शिवणारी बाई तिला कला म्हणत नाही. ती म्हणते, जुन्या कपड्यांचे काय करायचे म्हणून शिवली. गोधडीच्या आत कोणाकोणाचे लुगडे आहे हे मात्र तिला ओळीने सांगता येते.

या सूचनेवर तीन आक्षेप ऐकू आले. एकेकाला उत्तर द्यायला हवे.

पहिला आक्षेप असा की आपले कसब उघडे केले तर दुसरा ते उचलील आणि आपले पोट जाईल. ही भीती खोटी नाही. ज्याचे घर सुपांवर चालते, त्याला ती असणारच, आणि ज्याचा पगार पहिल्या तारखेला जमा होतो त्याने तिला हसू नये. पण सावंतवाडीत काय दिसते? झाकून ठेवलेले कसब चोरीला जाण्याआधी मरणाच्या दारात पोचले होते. गंजिफा कोणी चोरली नाही. ती विचारायलाच कोणी आले नाही, म्हणून बुडत चालली होती. शिवाय सूप एक दिवस पाहून कोणाला विणता येत नाही. पाहणाऱ्याला फार तर एवढे कळते की हे सोपे नाही, आणि मग तो भाव करताना जरा विचार करतो. तरीही ज्याला आपली एखादी खूण, एखादे मिश्रण राखून ठेवायचे असेल त्याने ते राखावे. बैठकीत कोणाला जबरदस्तीने बोलते करू नये, हा नियम पहिल्याच दिवशी वहीत लिहावा.

दुसरा आक्षेप उघड कोणी बोलले नाही, पण तो आहे. बोलावयाचा तर सोहळ्याच्या दिवशीच बोलावा, कारण आज सगळे हजर आहेत. आपल्याकडे प्रत्येक हातकामाला जात चिकटलेली आहे. सूप ज्याने विणले त्याचे सूप देवळात नैवेद्याच्या तांदळासाठी पिढ्यान्पिढ्या चालत आले. विणणारा मात्र पायरीखाली उभा राहत आला. ढोल ज्याने मढविला त्याचा ढोल पालखीपुढे, आणि तो स्वतः मागे. आज कायद्याने आणि बऱ्याच अंशी मनानेही हे बदलले आहे. पण सभामंडपात बैठक बसली की कोण कोठे बसणार, हा प्रश्न काहींच्या मनात आहे, आणि त्यांनी मान हलविली ती त्यासाठी. उत्तर साधे आहे. एका ओळीत, एका जाजमावर, जो आधी येईल तो आधी. ज्या गावात हे जमणार नाही, तेथे बैठकही भरणार नाही. भरली तरी अर्धी कला बाहेर राहील. चितारआळीतल्या वृद्ध कारागिरापुढे राजाराणी शिकायला बसली, आणि त्यांच्या मानाला कोठे उणेपणा आला नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो सर्वांत खरा. दाखवून काय होणार, विकले कोठे जाणार? प्लास्टिकचे सूप, प्लास्टिकची टोपली, यंत्राने केलेले ब्लँकेट. हाताने रंगविलेल्या पूर्ण गंजिफेची किंमत हजारांच्या घरात जाते, ती रोज कोण घेणार? याला गोड उत्तर नाही. हातकामावर मुले पोसणे कठीण आहे, आणि मुलाने शिकून नोकरी धरली तर त्याला दोष देता येत नाही. बैठकीने गावात पैशाचा पूर येईल असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र दोन गोष्टी होऊ शकतात. एक, म्हातारी माणसे आहेत तोपर्यंत विद्या पुढच्या हातात उतरते, मग तो हात ती विद्या पोटासाठी वापरो की सुट्टीच्या दिवशी. दुसरी, जी वस्तू लोकांनी घडताना पाहिली तिची किंमत लोक वेगळी करतात. सावंतवाडीच्या कोणाही दुकानदाराला हे विचारून पाहावे.

व्यवहाराचा विषय निघालाच आहे तर सरकारी मदतीचीही माहिती द्यावी. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा ही योजना सुरू केली. त्यात १८ व्यवसाय धरलेले आहेत. टोपल्या, चटया, केरसुण्या, काथ्याचे काम करणारे त्यात एकत्र येतात. सुतार, लोहार, कुंभार, मूर्तिकार, बाहुल्या आणि खेळणी करणारे, मासेमारीची जाळी विणणारे, शिंपी, फुलांचे हार करणारे, हेही आहेत. योजनेत पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद करण्यात आली. वयाची १८ वर्षे पूर्ण असावीत, कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ, आणि सरकारी नोकराच्या घरात नाही. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात, आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. येथेच घोडे अडते. पडताळणीच्या वेळी अमका खरोखर सुपे विणतो काय, असे विचारले की सांगणार कोण? कागदाच्या बाबतीत गरीब माणूस नेहमी मागे पडतो. हातावर घट्टे असतात, हातात दाखला नसतो. बैठकीची वही नीट ठेवली, कोणी कोणत्या तारखेला काय करून दाखविले ते लिहून ठेवले, तर सरपंचांना आणि ग्रामसेवकांना माणूस ओळखायला ती वही उपयोगी पडेल. योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी ग्रामपंचायतीत चौकशी करावी. आणि हेही सांगून टाकावे की गोधडीचे नाव त्या यादीत वेगळे नाही. बायकांच्या बऱ्याचशा कामाला यादीत जागा नसते.

चाकरमानी बांधवांकडे येथे एक वेगळे मागणे आहे. त्यांनी देवळाला भरभरून दिले आणि त्यांची नावे सभामंडपाच्या भिंतीवरील शिळेवर लागत आहेत, ते योग्यच आहे. त्या शिळेशेजारी एक लहान शिळा असावी, आणि तिच्यावर ज्यांनी चिरे घडविले, खांब तासले, कौले चढविली, गाभाऱ्याची चौकट कोरली त्यांची नावे असावीत. रक्कम लिहिण्याची गरज नाही, काम लिहावे. समितीने याचा विचार करावा. दुसरे असे की गणपतीला आणि जत्रेला गावी येताना शहरातून प्लास्टिकचे मखर आणू नये. येथे सांगून ठेवावे, येथे होईल, आणि ज्याने केले त्याचे पैसे रोख द्यावेत. घरचाच आहे म्हणून नारळावर भागवू नये. आणि जमल्यास सुट्टीतली एक दुपार मुलांना घेऊन बैठकीत बसावे. शहरातल्या शाळेत ज्या विषयाला हस्तकला म्हणून गुण मिळतात, त्या विषयाचे खरे मास्तर येथे ओटीवर पान लावीत बसलेले असतात.

बैठकीची रीत फार अवघड ठेवू नये. उद्घाटन नको, हारतुरे नकोत, भाषण तर नकोच. आजचे एवढे पुरे. ज्याने त्याने आपले हत्यार आणि सामान आपण आणावे. मुलांना सुरी-कोयता हातात देताना मोठ्या माणसाने शेजारी बसावे. एका बैठकीला एक काम मुख्य धरावे आणि बाकीच्यांनी आपापले करीत राहावे, कारण नुसते बघे जमले की करणारा संकोचतो. बिघडलेली वस्तू आणण्याची सक्ती असावी, असे एका म्हाताऱ्या गृहस्थांचे म्हणणे आहे. प्रत्येकाने चांगल्यासोबत एक बिघडलेलेही आणावे आणि ते कशाने बिघडले ते सांगावे. सक्ती नसावी, पण म्हणणे विचार करण्यासारखे आहे. डालीचा तळ कशाने ढिला पडला हे सांगितले तर दहा जणांच्या डाली वाचतील. स्पर्धा आणि बक्षीस ठेवू नये. बक्षीस ठेवले की पुढच्या खेपेस जिंकणारा एकटाच येतो.

पहिल्या बैठकीला बांबूकाम घ्यावे असे ठरते आहे. भातकापणी आणि झोडणी उरकल्यावर, मार्गशीर्षात, लोकांना थोडी उसंत असते. त्यासाठी बांबू आधी तोडून ठेवायला हवा. कोवळा नको, तीन वर्षांपुढचा हवा. चांदण्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, म्हणून काळ्या पंधरवड्यात तोडावा, असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे कार्तिक वद्यात कोणीतरी बेटाकडे जाणे आले. ज्यांच्या परड्यात बेट आहे आणि ज्यांची दहा-पंधरा काठ्या देण्याची तयारी आहे, त्यांनी महाप्रसादाच्या पंगतीला बसण्यापूर्वी समितीच्या टेबलावर आपले नाव लिहून द्यावे.